आधी उतरण्याचा विचार, मग चढण्याचा: जुन्या लष्करी गाड्यांवर पाहुण्यांना सांभाळून नेताना

१९ डिसेंबर जवळ आला की गोव्यात ठिकठिकाणी मुक्तिदिनाची तयारी सुरू होते आणि ज्यांच्याकडे जुनी लष्करी जीप किंवा शक्तिमान ट्रक आहे त्यांचे फोन वाजू लागतात. मैदानात गाडी उभी कराल का, मुलांना वर बसू द्याल का, अशी विचारणा असते. गाडी मूळ रूपात आणण्याचं कसब मेस्त्रींचं आणि हौस मालकाची. माझं काम त्यानंतरचं. गाडीशेजारी उभं राहायचं, आलेल्या माणसाला वर चढवायचं आणि आला तसा धडधाकट खाली उतरवायचं. यंदा हे काम पहिल्यांदाच करणाऱ्या मुलामुलींसाठी हे लिहिते आहे.

यातला ‘उतरवायचं’ हा शब्द पक्का लक्षात ठेवा. चढताना माणसाची नजर आपल्या पावलावर असते. पुढची पायरी दिसते, हात आपोआप काहीतरी पकडतात, तोल गेलाच तर अंग गाडीकडे झुकतं. उतरताना सगळं उलटं होतं. फोटो काढून झालेला असतो, नजर खाली उभ्या असलेल्या नातवाकडे असते आणि पाय जिथे टेकायचा ती जागा पोटाआड, साडीआड गेलेली असते. माझ्या पहिल्याच वर्षी साठीच्या एक बाई जीपमध्ये छान चढल्या, हसत बसल्या, फोटो झाला. उतरताना गर्दीकडे तोंड करून निघाल्या, पदर हँडलला अडकला आणि त्या गुडघ्यावर आपटल्या. मी तोपर्यंत पुढच्या माणसाकडे वळले होते. एक माणूस दोन्ही पावलांनी जमिनीवर उभा राहिल्याशिवाय दुसऱ्याकडे पाहायचं नाही, हा नियम मी त्या दिवसापासून पाळते आणि तुम्हीही तो पाळावा असा माझा आग्रह आहे.

आदल्या संध्याकाळी: गाडी खिळवून ठेवणं

जागा सपाट हवी. आपल्याकडची बरीच मैदानं लांबून सपाट दिसतात, पण पावसाचं पाणी जाण्यासाठी त्यांना उतार दिलेला असतो. तांबड्या मातीवर बारीक खडी असेल तर पायरीचा ठोकळा तिच्यावर डुगडुगतो, म्हणून ती झाडूनच घ्या. मंडपाच्या खांबांमध्ये गाडी कोंबू नका. चढण्याच्या बाजूला दोन माणसं आणि पायरी मावून वर आणखी एक माणूस सहज जाईल इतकी जागा लागते.

आता गाडी हलू नये म्हणून काय करायचं ते नीट समजून घ्या, कारण इथे चूक झाली तर ती चालवून घेता येत नाही. हँडब्रेक ओढला, गिअर टाकला, झालं, असं नवीन माणसाला वाटतं. दुसऱ्या महायुद्धातल्या विलिस जीपचा हँडब्रेक चाकांवर लागत नाही, ट्रान्सफर केसच्या (गिअरबॉक्समधली ताकद पुढच्या-मागच्या चाकांकडे वाटणाऱ्या पेटीच्या) मागे शाफ्टवर लागतो, आणि एवढ्या वर्षांनी त्याची पकड किती उरली आहे हे मालकालाही छातीठोकपणे सांगता येत नाही. ट्रान्सफर केसचा वेगळा लिव्हर असतो. तो न्यूट्रलवर राहिला तर गिअर टाकूनही गाडी मोकळीच असते. आणि नेमके हेच लिव्हर मुलं आत बसल्याबरोबर ओढून पाहतात. म्हणून लाकडी ठोकळे हवेतच. एका चाकाला पुढून आणि मागून, शिवाय तिरकं समोरच्या चाकालाही पुढून आणि मागून. दगड लावून भागवू नका. दगड सरकतो, आणि कुणीतरी तो पायाने बाजूला करतो.

यापेक्षाही महत्त्वाची गोष्ट बॅटरीची. जुन्या विलिसमध्ये आणि त्या घडणीच्या अनेक जीपमध्ये स्टार्टर पायाने दाबायचा असतो. पायाखालच्या फळीवर ॲक्सिलरेटरच्या शेजारी त्याचं बटण असतं आणि ते थेट बॅटरीशी जोडलेलं असतं. इग्निशन बंद असलं तरी ते दाबल्यावर इंजिन फिरतं. गाडी गिअरमध्ये असेल तर ती उडी मारल्यासारखी पुढे जाते. एका कार्यक्रमात हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. सात-आठ वर्षांचा मुलगा ऐटीत ड्रायव्हरच्या जागी बसला, खाली पाय ताणून चाळे करू लागला आणि जीप हातभर पुढे आली. समोर फोटो काढायला त्याचे वडील उभे असते तर काय झालं असतं, हा विचार आजही माझी पाठ सोडत नाही. चावी काढून खिशात ठेवणं पुरेसं नाही, बऱ्याच लष्करी गाड्यांना चावी नसतेच. बॅटरीची अर्थिंगची तार सोडवा, टोकाला कापड गुंडाळा आणि ती बाजूला बांधून ठेवा. हॉर्न वाजणार नाही म्हणून मुलं हिरमुसतील. हिरमुसू देत. हॉर्नसाठी वेगळी सोय करता येते, ती पुढे सांगते.

पेट्रोलही विसरू नका. विलिसची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली असते, म्हणजे पाहुणा टाकीवरच बसतो. झाकण घट्ट आहे का, खाली कुठे गळतं आहे का, हे नाकाने आणि हाताने तपासा. गाडीपासून काही पावलांवर विडी-सिगारेट नको, फटाके नकोत आणि पूजेची अगरबत्ती बॉनेटवर खोचायची नाही. अग्निशामक नळकांडं गाडीत लपवून ठेवू नका, तुमच्या हाताशी ठेवा.

हात फिरवून पाहणं

मालकाला विचारून पूर्ण गाडीवरून तळहात फिरवा. ज्या ज्या जागी पाहुण्याचा हात जाईल, पाय पडेल, पोटरी घासेल, तिथे तुमचा हात आधी जायला हवा. पत्र्याची उघडी कड, वर आलेला बोल्ट, हुडाचे (कापडी छताचे) हुक हे सगळं हाताला कळतं. कड बोथट करता येत नसेल तर तिच्यावर रबरी नळी चिरून बसवा. विलिसच्या बाजूला फावडं आणि कुऱ्हाड बांधलेली असते. ती शोभेला छान, पण चढण्याच्या बाजूला असेल तर त्या दिवसापुरती काढून टेबलावर मांडा.

गंज आपल्या हवेत कधी सुटत नाही. वरून रंग ताजा असतो आणि खाली पत्रा खाऊन गेलेला असतो, विशेषतः फळीचा आणि पायठेवणीचा. गाडीखाली वाकून पेचकसाने टोचून पाहा. पेचकस आत गेला तर तिथे पाय नाही, आणि गाडीवर तसं ठळक दिसेल अशी पट्टी चिकटवा.

हँडल तपासायची रीत एकच. दोन्ही हातांनी पकडा आणि पूर्ण वजन टाका. जे हँडल तुम्हाला पेलत नाही त्याला एखाद्या आजोबांचा हात लागता कामा नये. दोन वस्तू मात्र हँडलसारख्या दिसतात आणि हँडल नसतात. पहिली समोरच्या काचेची चौकट. जीपची चौकट पुढे बॉनेटवर पडण्यासाठीच बिजागऱ्यांवर बसवलेली असते. खिटी ढिली असेल आणि कुणी तिला धरून अंग ओढलं तर ती येते. दुसरी म्हणजे स्टेअरिंग. ते फिरतं आणि फिरताना धरणाऱ्याला सोबत घेऊन जातं. माणसं सगळ्यात आधी हात घालतात ते याच दोन जागी, म्हणून नेमकं कुठे धरायचं त्या जागेवर पांढरी किंवा पिवळी पट्टी गुंडाळून ठेवा. पट्टी दिसली की हात आपसूक तिथे जातो, सांगावं लागत नाही.

दसऱ्याला आणि अशा कार्यक्रमांना गाडीची पूजा होते. हार घाला, कुंकू लावा, माझं काहीच म्हणणं नाही. पण झेंडूच्या पाकळ्या पायरीवर चुरडल्या की लोण्यासारख्या निसरड्या होतात आणि चाकापुढे फोडलेल्या नारळाचं पाणी नेमकं पायरीच्या जागी सांडतं. पूजा झाली की पायरी आणि फळी ओल्या फडक्याने पुसा, मग कोरड्याने. सकाळी लवकर कार्यक्रम असेल तर दंवाचंही तेच.

पायरी

जीपला पायरीची गरज नाही असं जवान माणसाला वाटतं, कारण तिची कड गुडघ्याच्या थोडी वर. पण ज्यांच्यासाठी आपण उभे आहोत त्यातल्या निम्म्यांचे गुडघे दुखरे असतात. सुताराकडून एक खोका करून घ्या, १८ ते २० सेंटीमीटर उंचीचा, दोन्ही पावलं शेजारी शेजारी मावतील इतका लांब-रुंद, वर खरखरीत पट्टी आणि कडेला पांढरा रंग. प्लास्टिकचं स्टूल नको, सोड्याचा क्रेट तर मुळीच नको. शक्तिमानसाठी शिडी नको, पायऱ्यांचा घोडा हवा, दोन्ही बाजूंना कठडा असलेला आणि हौद्याला (ट्रकच्या मागच्या, माल भरायच्या भागाला) दोरीने आवळून बांधलेला. मंडपवाल्याकडे रंगमंचावर चढायच्या पायऱ्या असतात, त्या बहुतेक वेळा जमतात. उंची आधी मोजून घ्या.

कोणती गाडी, कशी चढायची

जीप सगळ्यात सोपी आणि म्हणूनच तिथे आपण ढिले पडतो. एका वेळी एकाच बाजूने चढणं आणि त्याच बाजूने उतरणं. दुसऱ्या बाजूला दोरी बांधा, नाहीतर पोरं आरपार पळतात. एकदा दोघे समोर बसले की मग मागे आणखी दोन. चारांवर जाऊ नका, मग पाचवा कितीही लहान असो. बॉनेटवर आणि मडगार्डवर कुणीही नाही. लग्नाच्या फोटोंमुळे लोकांना बॉनेटवर बसायची सवय लागली आहे, पण तो पत्रा निसरडा आणि उन्हात तापलेला असतो. विलिसचं स्टेअरिंग डावीकडे असतं, आपल्याकडे जुळवलेल्या बऱ्याच जीपचं उजवीकडे. बहुतेकांना ड्रायव्हरच्याच जागी बसायचं असतं, म्हणून पायरी कोणत्या बाजूला लावायची ते यावरून ठरतं.

जोंगा ही लष्करी गाडी जबलपूरला बनायची, तिच्या इंग्रजी नावात जबलपूरच्या शस्त्रनिर्माणी आणि तोफगाडी कारखान्याची आद्याक्षरं आहेत. जीपपेक्षा उंच आणि रुंद. दार असेल तर ते एका माणसाने पूर्ण उघडून धरून ठेवायचं, कारण बिजागरीच्या फटीत बोटं जातात. बाकी सगळं जीपसारखंच.

शक्तिमानची गोष्ट वेगळी. जर्मन मान कंपनीच्या परवान्यावर १९५९ पासून जबलपूरला बनू लागलेला हा ट्रक किती तरी वर्षं लष्कराचा भारवाहक होता. त्याचा हौदा छातीच्या उंचीला येतो. इथे तीन माणसं लागतात: एक खाली पायऱ्यांशी, एक वर हौद्यात आणि एक रांगेपाशी. वरच्या माणसाने कुणालाही हात धरून वर ओढायचं नाही. त्याचं काम वर आलेल्याला आत सरकवणं आणि कड मोकळी ठेवणं एवढंच. फाळका (हौद्याची मागची उघडणारी फळी) खाली सोडलेला असेल तर त्याच्या साखळ्या आणि कड्या दुमडून बांधा, उघड्या फाळक्यावर कुणाला बसू देऊ नका. हौद्यावर हुडाच्या कमानी असतील तर उंच माणसाचं डोकं हमखास आपटतं, म्हणून पहिल्या कमानीला कापड गुंडाळा आणि प्रत्येकाला ‘डोकं सांभाळा’ म्हणा, पन्नासाव्या माणसालाही. आठ जण वर गेले की साखळी लावायची. ते उतरल्यावर पुढचे.

कॉलेजची मुलं हौद्यातून उडी टाकतात. हे थांबवायचं म्हणजे थांबवायचं. घोट्याचं सोडाच, अंगठी कड्याला किंवा बोल्टला अडकून सगळं वजन त्या एका बोटावर आलं तर बोटाचं कातडं सोलून निघतं. रांगेत असतानाच सगळ्यांना अंगठ्या काढायला सांगा. ज्यांची निघत नाही त्यांच्या बोटाभोवती चिकटपट्टी गुंडाळा आणि त्यांना नक्की पायऱ्यांनीच उतरवा.

केबिनमध्ये एका वेळी एकच माणूस, आणि तोही चपळ असेल तर. चाकाच्या बाजूने वर चढताना पाय लहानशा पायठेवणीवर टेकवावा लागतो. ज्याला तो टेकवायची जागा दोनदा दाखवावी लागते त्याला नम्रपणे हौद्याकडे न्या.

चिलखती गाडी किंवा रणगाडा आमच्या कार्यक्रमांत क्वचितच येतो. आलाच तर दोनच गोष्टी सांगते. वरचं झाकण प्रचंड जड असतं, ते उघडं असताना त्याची खीळ बसलेली आहे हे हाताने ओढून पाहिल्याशिवाय कुणालाही जवळ नेऊ नका. आणि साखळीच्या पट्ट्यांवरून चढवू नका, तिथे पाऊल सरळ टेकत नाही. लष्कराने स्वतः मांडलेल्या वाहनांवर आपलं काही चालत नाही, तिथला जवान म्हणेल ती पूर्व दिशा. बोगमाळोच्या नौदल हवाई संग्रहालयात मुलांना नेलंत, तर विमानं पाहण्याचेही तिथले नियम तिथलेच.

माणूस समोर आला की

पहिल्यांदा पावलांकडे पाहा. हवाई चपला, टाचेच्या चपला आणि मऊ तळाच्या चपला गाडीवर घसरतात. अशा वेळी अनवाणी चढणं बरं, असं कुणी सुचवेल, पण उन्हात तापलेला पत्रा आणि गंजाची कड लक्षात घेता मी ते टाळते. मागे पट्टा असलेलं पायताण हवं. पिशवी, छत्री, मोबाइल, कॅमेरा हे सगळं बरोबरच्या माणसाकडे द्या. दोन्ही हात रिकामे झाल्याशिवाय पायरीवर पाय नाही.

साडी असेल तर पदर कमरेला खोचलेला हवा आणि निऱ्या घोट्याच्या वर उचलून खोचलेल्या. हे बाईमाणसानेच सुचवलेलं बरं, म्हणून दर गाडीमागे एक तरी मुलगी हवी. काष्टा नेसलेल्या आज्यांची मला कधी काळजी वाटत नाही, त्या माझ्याहून सहज चढतात. ओढणी गळ्यात गुंडाळलेली असेल तर ती काढून घ्या.

मग विचारा, “हात देऊ का?” विचारल्याशिवाय अंगाला हात नाही, बाईच्या नाही, पुरुषाच्याही नाही. “नको” म्हणाले तर हातभर अंतरावर थांबा, पण थांबाच.

हो म्हणाले तरी तुम्ही त्यांना धरायचं नाही, त्यांनी तुम्हाला धरायचं. आपला हात कोपरात वाकवून कठड्यासारखा पुढे करा, पावलं फाकवून घट्ट उभे राहा. त्यांचा एक हात तुमच्या हातावर, दुसरा गाडीच्या पट्टीवर. दोन्ही हात तुम्ही धरलेत तर त्यांच्याकडे गाडीचा आधार उरत नाही, आणि तोल गेला तर दोघेही जाता. दोन हात आणि दोन पाय या चारांपैकी तीन नेहमी टेकलेले असावेत, एका वेळी एकच हलावा. चढताना आणि उतरतानाही. नारळाच्या झाडावर चढणारा रेंदेर असाच चढतो, घाई करत नाही. मुलांना हे उदाहरण दिलं की चटकन कळतं.

‘उजवा पाय, डावा हात’ असं बोलू नका, माणसं गोंधळतात. त्या जागेवर तुमचा तळहात ठेवा आणि म्हणा, “पाय इथे. हात इथे. थांबा. आता.” कोकणी बोलणारे असतील तर “सवकास” म्हणा. त्या एका शब्दाने माणसाचा जीव थाऱ्यावर येतो असा माझा अनुभव आहे. आणि बोलणारा एकच हवा. नातेवाईक तिन्ही बाजूंनी सूचना देऊ लागतात, त्यांना फोटोची जागा दाखवून तिथे उभं करा.

उतरताना गाडीकडे तोंड, जगाकडे पाठ. कितीही जवान असो, कितीही खुळं वाटो. “ज्या पायऱ्या चढलात त्याच उलट्या उतरायच्या” एवढं चढायच्या आधीच सांगून ठेवा, वर गेल्यावर ऐकायला कुणी मोकळं नसतं. शेवटची पायरी उरली की तोंडाने मोजा: “अजून एक. जमीन आली.” माणसं त्या शेवटच्या पायरीवरच चुकतात, कारण जमीन आली असं त्यांना एक पायरी आधीच वाटतं.

आणि कुणाचा तोल गेलाच तर मनगट धरून ओढू नका. अंगाने जवळ जा, त्यांचं वजन गाडीवर नाहीतर तुमच्या मांडीवर टेकू द्या आणि दोघेही हळूच खाली बसा. पडलेल्या माणसाला लगेच उठवायची घाई करू नका. मान, पाठ किंवा खुबा दुखतो म्हणाले तर हलवायचं नाही, सावली धरायची आणि १०८ला फोन. पत्र्याने भाजलं तर नळाच्या थंड पाण्याखाली २० मिनिटं, त्यावर हळद, टूथपेस्ट काही नाही.

मुलं

पाच वर्षांखालच्या मुलाला आई-वडिलांनीच उचलून ठेवावं. कुणी कितीही आग्रह केला तरी मुलाला मनगटाला धरून वर ओढू नका. या वयात हात असा ओढला तर कोपरातलं हाड जागेवरून सरकतं, मूल कळवळतं आणि हात हलवत नाही. काखेत धरून उचलायचं. शाळेचा वर्ग आला तर शिक्षकांना गाडीच्या एका टोकाला उभं करा, चार चढले, चार उतरले, असं मोजून. हॉर्नसाठी बॅटरी जोडू नका. जुना हाताने दाबायचा रबरी भोंगा टेबलावर ठेवा, मुलं त्यावर तुटून पडतात आणि रांगही शांत राहते. जुन्या लष्करी गाड्यांच्या डॅशबोर्डवरच्या काही तबकड्यांवर अंधारात चमकण्यासाठी रेडियमचा रंग वापरलेला असे. काच फुटलेली तबकडी दिसली तर ती झाका आणि मुलांना तिथे बोट लावू देऊ नका.

ऊन

डिसेंबरातही आपल्याकडे दुपारी पारा ३२-३३ अंशांपर्यंत जातो, आणि गडद रंगाचा पत्रा त्याहून कितीतरी जास्त तापतो. हाताची मागची बाजू पत्र्यावर पाच सेकंद ठेवा. ठेवता आली नाही तर तिथे मूल बसवू नका. सीटवर आणि कडांवर ओलं गोणपाट टाकलं तर बरंच निभावतं. दुपारी बारा ते तीन चढणं बंद ठेवलेलंच चांगलं. आयोजकांना ते आवडत नाही, तरी आधीच सांगून ठेवा. रांगेत उभ्या माणसांना सावली आणि पाणी मिळालं नाही तर कुणीतरी पायरीवर चक्कर येऊन पडतं.

जे चढू शकत नाहीत

१९६१ साली दहा वर्षांचा असलेला मुलगा आज सत्तरी ओलांडून गेला आहे. या पिढीतली माणसं येतात, जीपला हात लावतात आणि बोलू लागतात. ४५१ वर्षांची पोर्तुगीज सत्ता दीड दिवसात संपताना त्यांनी लहानपणी रस्त्यावरून जाणारे ट्रक पाहिलेले असतात, त्यांच्यामागे धावलेले असतात. त्यांना वर बसायचं असतं आणि गुडघे साथ देत नाहीत. “नाही जमणार आजोबा” म्हणून त्यांना परत पाठवू नका. गाडीशेजारी हात असलेली खुर्ची ठेवा, अशी की बसल्या बसल्या हात स्टेअरिंगला पोचेल. जीपची बाजू उघडी असल्याने हे जमतं. व्हीलचेअर त्याच जागी लावता येते. चालकाची टोपी डोक्यावर, हात स्टेअरिंगवर, आणि फोटो काढणाऱ्याला वरून न काढता खुर्चीच्या उंचीला बसून काढायला सांगा. गेल्या खेपेस एक आजोबा असे अर्धा तास बसले होते, रांग बाजूने चालू होती. त्यांना उठवायला मी गेले नाही.

कधी मात्र हट्ट होतो. मुलगा म्हणतो, बाबांना वर घ्याच, आम्ही चौघे उचलतो. उचलायचं नाही. आजोबा स्वतःच्या पायांनी एक पायरी चढून त्याच पायरीवरून तुमच्या आधाराने उतरू शकले तर पुढे जायचं, नाहीतर खुर्ची. ही एक पायरीची परीक्षा जमिनीवरच्या खोक्यावर घ्या, गाडीवर नाही. निर्णय मुलाचा नाही, तुमचाही नाही, त्या पायरीचा आहे असं म्हटलं की वाद होत नाही. दारू प्यायलेल्याला वर घ्यायचं नाही, तिथे परीक्षाही नाही.

संध्याकाळी

सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणून साडेपाचला शेवटचा माणूस वर. अंधुक प्रकाशात पायरीची कड दिसत नाही आणि तुम्हीही दिवसभर उभे राहून थकलेले असता. दर दोन तासांनी एकमेकांची जागा बदला. वरचा खाली, खालचा रांगेत.

सगळे गेले की क्रम मोडू नका. आधी हौद्यात आणि सीटखाली पाहा, चष्मे, चपला, पाण्याच्या बाटल्या निघतात. मग पायऱ्या काढा. बॅटरीची तार मालकाच्या हातानेच लागू दे, आणि त्याआधी गिअर न्यूट्रलवर आहे हे त्याने तोंडाने सांगू दे. मग वाकून गाडीखाली पाहा. मांजर असतं, कुत्रं असतं, एकदा लपंडाव खेळणारी दोन पोरं चाकामागे दबा धरून बसलेली सापडली होती. चारही बाजूंनी फिरून खाली कुणी नाही याची खात्री झाली, मालक ड्रायव्हरच्या जागी बसून ब्रेक दाबून आहे हे दिसलं, की मगच ठोकळे काढा.